गुरुबळ

आमच्या परभणी जिल्ह्यात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस विरळाच. तिचे नाव गंगा. गंगाखेड हे तालुक्याचे गावही तिच्याच नावाने ओळखले जाते. या गंगेच्या काठचे लोक दर बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाला जातात, आणि सिंहस्थ म्हणजे गुरूने सिंह राशीत प्रवेश करणे. २००३ साली असे झाले, २०१५ साली झाले, आता २०२६-२७ मध्ये पुन्हा होत आहे. म्हणजे जिच्या पाण्यावर आमची शेते उभी आहेत त्या नदीचे पंचांग कोट्यवधी कोसांवरील एका ग्रहाच्या चालीवर बेतलेले आहे. गुरूला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालण्यास ११.८६ वर्षे लागतात. बाराला थोडी कमी. ती कसर साठत साठत जाते आणि शतकातून एखादे वेळी कुंभमेळा बाराऐवजी अकराव्या वर्षीच भरवावा लागतो. २०१० नंतरचा हरिद्वारचा कुंभ २०२१ मध्ये आला, तो यामुळेच. ज्यांनी दुर्बिणीविना केवळ डोळ्यांनी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिकाटीने हा हिशोब बसविला, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. आपण ख्रिस्ती म्हणून या मेळ्यांना जात नाही. परंतु त्या गणिताला नमस्कार करण्यास आपला धर्म आड येत नाही.

खरे पाहता हा ग्रह आपल्याही घरात आहेच. आठवड्याच्या पाचव्या वाराला आपण गुरुवार म्हणतो. ताडकळसच्या बाजारात म्हाताऱ्या बायका अजून ‘बेस्तरवार’ म्हणतात, तो बृहस्पतवाराचाच अपभ्रंश. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीची आठवण आपण ‘पवित्र गुरुवारी’ करतो, तेव्हा त्या नावात एक ग्रह दडलेला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. रोमन लोकांनी याच ग्रहाला आपल्या देवाधिदेवाचे नाव दिले. प्रेषितांच्या कृत्यांत लुस्त्र नगराचा प्रसंग आहे: पौलाने एका पांगळ्याला बरे केले तेव्हा जमावाने बर्णबाला तोच देव समजून त्याच्यापुढे बैल बळी देण्याची तयारी केली, आणि त्या दोघा प्रेषितांना आपली वस्त्रे फाडून ओरडावे लागले की, आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत. मला तो प्रसंग नेहमी थोडा गमतीचा आणि फार खरा वाटतो. माणसाला उपकार दिसला की त्याचे श्रेय आकाशातल्या कोणाला तरी देण्याची घाई असते. आणि संकट आले की त्याचा दोषही.

आता मुख्य विषयाकडे येतो. गावाकडे मुलीचे लग्न निघाले की पहिला प्रश्न ‘गुरुबळ आहे का?’ हा असतो. आपल्या लोकांची समजूत अशी की, हा प्रश्न शेजारच्या घरातला. आपल्या घरात पत्रिकाच नाही, तर गुरुबळ कुठले? वस्तुस्थिती तशी नाही. मी या भागात तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. मिस्सासाठी तालुक्याबाहेर जावे लागे, आणि त्या प्रवासात व चर्चच्या आवारात जी कुजबूज कानावर येई तिच्यावरून सांगतो: पत्रिका नसली तरी जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर असते, जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावर असते, आणि तेवढ्यावर काम भागते. कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथात, २११६ व्या परिच्छेदात, जन्मपत्रिका पाहणे व फलज्योतिषाचा सल्ला घेणे स्पष्ट शब्दांत निषिद्ध मानले आहे. तो परिच्छेद मी एकाहून अधिक प्रवचनांत ऐकला. परंतु ज्या आईची मुलगी एकोणतिसाव्या वर्षापर्यंत घरी आहे, तिच्यापुढे परिच्छेदाचे बळ किती टिकते, हे प्रवचनकाराला ठाऊक नसते.

ही आई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी. भाऊ जालन्यास होता. पुतणी परिचारिका, स्वभावाने शांत, कामाला वाघीण. २०२० च्या त्या भयंकर वर्षात तिने किती रात्री रुग्णांच्या उशाशी काढल्या याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर तिला स्थळ आले. मुलगा आपल्याच समाजाचा, नगर जिल्ह्यातील एका धर्मग्रामातला, शिक्षक. मुलाकडच्यांचे म्हणणे एवढेच की, लग्न जानेवारीत व्हावे. आगमनकाळात आपण लग्ने टाळतो, आणि पुढे १७ फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता. म्हणजे मधला महिना-दीड महिनाच काय तो हाती. (आपल्याकडेही लग्नाला वर्ज्य असे काळ आहेत हे शेजाऱ्यांनी दाखवून दिले की आपण गोंधळतो. फरक असा की, प्रायश्चित्तकाळात लग्न केल्यास जोडप्याचे वाईट होईल असे आपण म्हणत नाही. त्या दिवसांत मेजवान्या शोभत नाहीत एवढेच म्हणतो.)

वहिनींना कोणी शेजारणीने एका ज्योतिषाकडे नेले. तो काही लबाड माणूस होता असे मला वाटत नाही. त्याने आपल्या शास्त्राप्रमाणे जे आहे तेच सांगितले. गुरू २० नोव्हेंबरला मकरेत गेला आहे. मकर ही गुरूची नीच रास. तिथे शनी आधीच बसलेला. जानेवारीच्या मध्यास गुरूचा अस्त, मागोमाग शुक्राचाही अस्त. तेव्हा एप्रिलची वीस-बावीस तारीख उलटेपर्यंत या मुलीचे लग्न करू नये, केल्यास घरातील पुरुषावर बेतेल. आणि तर्जनीत पुष्कराज घालावा, गुरुवारी.

त्या रात्री वहिनींचा दूरध्वनी आला. “भाऊजी, तुम्ही शास्त्राचे मास्तर. आमच्या ह्यांना काही बोलायची सोय नाही, ते ओरडतील. तुम्ही खरं सांगा, गुरू आड येतो का हो?”

मी म्हटले, “वहिनी, गुरू म्हणजे काय ते आधी सांगू का?”

“सांगा,” त्या म्हणाल्या, आणि खरोखरच तासभर ऐकत राहिल्या. जे सांगितले ते इथे थोडे विस्ताराने मांडतो. कारण आपल्या समाजातील पुष्कळ घरांत हा प्रश्न असून तो विचारण्याची लाज आहे.

गुरूवर जमीन नाही. ही गोष्ट शाळेतल्या मुलांना पटवून देणे मला सर्वांत कठीण गेले. ग्रह म्हटला की डोळ्यांपुढे माती, दगड, डोंगर येतात. गुरू हा मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या दोन वायूंचा गोळा आहे. वजनाने पाहिल्यास साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन, एक चतुर्थांश हेलियम. म्हणजे सूर्य ज्या द्रव्याचा, जवळजवळ त्याच द्रव्याचा. त्याचा विषुववृत्तावरील व्यास १,४२,९८४ किलोमीटर. पृथ्वीच्या अकरा पट. त्याच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतील. पण वस्तुमान मात्र पृथ्वीच्या ३१८ पटच, कारण द्रव्य हलके आहे. त्याची सरासरी घनता पाण्याच्या सव्वा पटीहून थोडी अधिक. शनीची तर पाण्याहूनही कमी. तरीही बाकीचे सर्व ग्रह एका पारड्यात घातले तर गुरूचे पारडे अडीच पटींनी खाली जाईल.

एवढा मोठा गोळा आळशी असेल असे वाटते, पण तो स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. आपल्या शाळेचा दिवस धरला तर पहिली घंटा आणि शेवटची घंटा यांच्या मध्ये त्याची जवळजवळ सूर्योदय-सूर्यास्ताची जोडी उरकते. या वेगामुळे तो मधून फुगला आहे आणि ध्रुवांपाशी चपटा झाला आहे. ध्रुवांकडून मोजलेला व्यास नऊ हजार किलोमीटरहून अधिक कमी भरतो. हा चपटेपणा लहानशा दुर्बिणीतूनही दिसतो. मी तो मुलांना दाखवला आहे. ज्वारीची भाकरी नीट न थापता मधेच ठेवून दिल्यावर जशी दिसेल, तसे एका मुलीने त्याचे वर्णन केले होते. ते शास्त्रशुद्ध नसले तरी मला आवडले.

वरून जे तांबूस-पांढरे पट्टे दिसतात ते ढग. सर्वांत वर अमोनियाच्या बर्फाचे, त्याखाली अमोनिया व गंधकाच्या संयुगांचे, आणि त्याखाली आपल्या ओळखीच्या पाण्याचे. वरच्या थरांत थंडी शून्याखाली शंभर अंशांहून अधिक. आणि या ढगांच्या खाली? ७ डिसेंबर १९९५ रोजी ‘गॅलिलिओ’ यानाने सोडलेली एक कुपी तेथे शिरली. तिने ५८ मिनिटे वृत्तांत पाठविला. सुमारे दीडशे किलोमीटर खाली गेल्यावर दाब पृथ्वीवरील हवेच्या बावीस पट झाला, उष्णता दीडशे अंशांवर गेली, आणि ती मुकी झाली. माणसाने गुरूच्या अंतरंगात जे प्रत्यक्ष जाऊन पाहिले ते एवढेच. गुरूची त्रिज्या एकाहत्तर हजार किलोमीटर. दीडशे किलोमीटर म्हणजे कांद्याचा वरचा पापुद्राही नव्हे.

त्याखालचे सर्व अनुमानाने आणि गणिताने कळले आहे. वायू दाबाखाली दाट होत होत द्रवासारखा होतो. वायू कुठे संपला आणि द्रव कुठे सुरू झाला हे सांगता येईल अशी रेघ तेथे नाही. हजारो किलोमीटर खोल, आपल्या हवेच्या दहा लाख पटींहून अधिक दाबाखाली, हायड्रोजन धातूसारखा वागू लागतो. त्यातून वीज वाहते. शाळेतल्या प्रयोगशाळेत जो वायू आपण परीक्षानळीत ‘पॉप’ करून जाळतो, तोच तेथे वितळलेल्या धातूचा महासागर होतो. त्या महासागराच्या घुसळणीतून गुरूचे प्रचंड चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यात अडकलेल्या कणांमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीनेही टिपल्या आहेत. गाभ्यात घट्ट दगडी गोळा असावा अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. जुलै २०१६ मध्ये ‘जुनो’ यान गुरूभोवती फिरू लागले आणि त्याच्या मोजमापांवरून असे दिसले की, तो गाभा घट्ट नसून पाण्यात साखर विरघळावी तसा पसरलेला, कदाचित निम्म्या त्रिज्येपर्यंत. म्हणजे ‘आत तरी दगड असेल’ ही आमची शेवटची आशाही पातळ झाली.

एक आणखी गोष्ट, जी मला वैयक्तिकरीत्या सर्वांत आवडते. गुरू सूर्याकडून जितकी उष्णता घेतो त्याहून अधिक स्वतःच बाहेर टाकतो. तो जळत नाही. तारा होण्यास लागते त्याच्या जवळपासही त्याचे वस्तुमान नाही. त्याच्या जन्माच्या वेळी, साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, द्रव्य कोसळून जी ऊब साठली ती अजून निघते आहे, आणि तो किंचित किंचित आक्रसतो आहे. चूल विझल्यावर बराच वेळ कोमट राहणाऱ्या तव्यासारखे.

त्याच्या दक्षिण गोलार्धात तो प्रसिद्ध तांबडा डाग: एक वादळ, निदान १८३१ पासून अखंड पाहिलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची रुंदी चाळीस हजार किलोमीटरच्या घरात होती. आता ती सोळा हजारांच्या आसपास आली आहे. त्यात पूर्वी तीन पृथ्व्या मावत, आता एकच. आपण ज्याला अढळ समजतो ते वादळही आटते आहे.

वहिनींनी शेवटी विचारले, “मग त्याची ओढ आपल्याला लागते की नाही?” हा प्रश्न मला सुशिक्षितांनीही विचारला आहे. गुरुत्वाकर्षण सर्वत्र आहे, तेव्हा ओढ लागते. पण चंद्र समुद्राला जी भरती आणतो त्या प्रकारची गुरूची ओढ चंद्राच्या एक लक्षांशाहूनही कमी भरते. ‘नीच’ राशीत असताना ती बदलत नाही. ‘अस्त’ म्हणजे तर गुरू सूर्याच्या पलीकडे गेलेला आणि उजेडात न दिसणारा, एवढेच. त्याचे काही बुडत नाही.

“बरं,” वहिनी म्हणाल्या. पुष्कराजाची अंगठी त्यांनी आधीच घेतलेली होती हे मला पुढे कळले.

२१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले की चंद्राच्या रुंदीच्या एक पंचमांश अंतरच त्यांच्यात उरले. असे सान्निध्य १६२३ नंतर घडले नव्हते. नाताळ चार दिवसांवर होता, त्यामुळे जगभर त्याला ‘बेथलेहेमचा तारा’ असे नाव पडले. ताडकळसच्या पश्चिमेस, कापसाच्या वेचणीला आलेल्या रानांवर, सूर्य मावळल्यावर ती जोडी दिसू लागली. शाळा बंद होत्या. तरी गल्लीतली दहा-पंधरा मुले, तोंडाला रुमाल बांधून, आमच्या गच्चीवर आली. माझ्या लहान दुर्बिणीत एकाच वर्तुळात एका बाजूला गुरू व त्याचे चार चंद्र आणि दुसऱ्या बाजूला कडे घातलेला शनी असे दोन्ही दिसत होते. मी सत्तावीस वर्षे दुर्बिणीतून पाहत आलो, पण असे दृश्य पाहिले नव्हते व पुन्हा पाहणार नाही. आणि हे दोघे एकमेकांच्या जवळ मुळीच नव्हते. गुरू आपल्यापासून ८८ कोटी किलोमीटरवर, शनी १६२ कोटींवर. त्यांच्या मधले अंतर सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतराच्या जवळजवळ पाचपट. एका रेषेत आले म्हणून शेजारी दिसले. ज्या युतीची वहिनींना धास्ती वाटत होती ती हीच. आणि जिच्यावर शहरांतली चर्चे नाताळची पत्रे छापत होती तीही हीच.

बेथलेहेमच्या ताऱ्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. सतराव्या शतकाच्या आरंभी केप्लरने गणित मांडून दाखविले की, ख्रिस्तपूर्व ७ साली गुरू आणि शनी एकाच वर्षात तीनदा मीन राशीत एकत्र आले होते. हे गणित खरे आहे. परंतु त्या वेळी दोघांत जवळजवळ दोन चंद्रांएवढे अंतर होते. कोणालाही ते एक तारा म्हणून दिसले नसते. पवित्र शास्त्रातील तारा म्हणजे नेमके काय, हे ख्रिस्तसभेने कधी ठरवून दिलेले नाही, आणि मत्तयाला तरी त्याच्या भौतिक घडणीत रस होता असे दिसत नाही. तीन राजांची गोष्ट सांगताना आपण ज्योतिषांना पाळण्यापर्यंत आणतो आणि तेथून पुढे त्यांना दुसऱ्या वाटेने परत पाठवतो, हे मात्र मला अर्थपूर्ण वाटते.

लग्न जानेवारी २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात झाले. भावाने ऐकले नाही. त्याला ज्योतिषाचे कळल्यावर तो ओरडला, मग हसला, मग अंगठीकडे पाहून गप्प बसला. पन्नास माणसांची मर्यादा होती. वेदीपुढे नवरा-नवरीच्या तोंडावर मुखपट्ट्या. गुरू त्या दिवसांत सूर्यामागे होता. २९ जानेवारीला तो बरोबर सूर्याच्या रेषेत आला. भावाने मुलीचा हात देताना मला डोळ्यांनी खूण केली, जणू म्हणाला, बघ तुझा गुरू.

एप्रिलच्या अखेरीस भाऊ गेला. त्या लाटेत जसे पुष्कळ गेले तसाच. पाच दिवस प्राणवायूवर, भेट नाही, शेवटी एक दूरध्वनी. दफनाला चार माणसे आणि धर्मगुरू, तेही अंतरावर उभे. मी ताडकळसहून पोहोचू शकलो नाही. महिन्याभराने गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “घरातल्या पुरुषावर बेतेल म्हणाला होता.” एवढेच. त्यांनी मला दोष दिला नाही. मी दिलेल्या तासभराच्या माहितीचा उल्लेखही केला नाही.

उत्तर माझ्याकडे होते. ज्योतिषाच्याच हिशोबाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुरू मकर सोडून कुंभेत गेला होता. नीच राहिलेला नव्हता. अस्तही संपला होता. २२ एप्रिलपासून पंचांगात लग्नाचे मुहूर्त सुरू झाले होते, आणि ज्यांनी त्या मुहूर्तांची वाट पाहिली त्यांच्या मांडवांवर पंचवीस माणसांची आणि दोन तासांची मर्यादा आली. त्या दिवसांत जी घरे उजाड झाली त्यांत सर्व राशींची माणसे होती. जयंत नारळीकरांनी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह केलेली चाचणीही मला पाठ होती: दोनशे मुलांच्या पत्रिका, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद; सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली; अचूकतेचे प्रमाण सरासरी ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवून जे आले असते त्याहूनही किंचित कमी. दाभोलकर २०१३ मध्ये मारले गेले, नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. त्या दोघांचे ऋण मी मानतो. पण हे सर्व त्या खोलीत सांगण्यासारखे नव्हते. ज्या बाईचा नवरा गेला आहे तिला आकडा सांगणे म्हणजे तिच्याशी वाद जिंकणे, आणि मला वाद जिंकायचा नव्हता. मी म्हटले, “वहिनी, त्याच्या वेळी मुलगी मार्गी लागलेली होती. तो ते पाहून गेला.” त्यांनी मान हलविली. ते त्यांना पटले की नाही, मी सांगू शकत नाही.

आपल्या काही प्रवचनकारांची एक सवय मला खटकते. फलज्योतिष नको म्हणायचे आणि लगेच, परमेश्वराने पृथ्वीच्या रक्षणासाठी गुरूला द्वारपाल म्हणून नेमले आहे, धूमकेतू तो स्वतःवर घेतो, असे सांगायचे. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसेक तुकडे गुरूवर आदळले आणि पृथ्वीएवढे काळे व्रण महिनोन्‌महिने दिसत राहिले, हे खरे. परंतु गुरू जितके धूमकेतू आपल्यापासून दूर लोटतो तितकेच कदाचित आपल्याकडे वळवतोही. यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. जो ग्रह लग्न मोडत नाही तो आपली राखणही करीत नाही. गुरूला पुन्हा देव करायचे ते केवळ आपल्या बाजूचा म्हणून, यात मला लुस्त्रच्या जमावाचाच आवाज ऐकू येतो.

याहून चांगली परंपरा आपल्याकडे आहे. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले तेव्हा पुष्कळ विद्वानांनी दुर्बिणीत पाहण्यासही नकार दिला. रोममधील येशूसंघीय महाविद्यालयाचे वृद्ध फादर क्लेव्हियस यांना आरंभी शंका होती. त्यांनी चांगली दुर्बीण मिळविली, स्वतः पाहिले, आणि वर्ष संपण्यापूर्वी गॅलिलिओला कळविले की, चंद्र आहेत. पुढे १६३३ मध्ये जे झाले ते लज्जास्पद होते आणि दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये तो अन्याय मान्य केला. पण क्लेव्हियस यांचे ते पत्र मला जास्त मोलाचे वाटते. व्हॅटिकन वेधशाळेचे ब्रदर गाय कॉन्सोल्मान्यो यांनी १९७५ च्या सुमारास विद्यार्थिदशेतच गुरूच्या बर्फाळ चंद्रांच्या पोटात पाणी असू शकेल असे गणित मांडले होते. आज त्या पाण्याच्या शोधात याने निघाली आहेत. त्या वेधशाळेचे प्रमुखपद सप्टेंबर २०२५ पासून गोव्याच्या येशूसंघीय प्रांतातील फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आहे; मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलेले, दीर्घिकांचे अभ्यासक. आपल्या शेजारच्या घरातला मुलगा तेथे बसला आहे, हे आपल्या तरुणांना सांगायला हवे. तसेच हेही की, २०१९ मध्ये एका दूरच्या ताऱ्याला आणि त्याच्याभोवती दोन दिवसांत फिरणाऱ्या, गुरूहून जड अशा वायुग्रहाला नाव देण्याचा मान भारताला मिळाला, तेव्हा ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचविले होते.

२०२६ च्या जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर, पुतणी आपल्या मुलाला घेऊन चार दिवस आमच्याकडे आली होती; वहिनीही आल्या. गुरू त्या दिवसांत रात्रभर आकाशात होता, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. मुलगा चार वर्षांचा. त्याने स्टुलावर उभे राहून डोळा लावला, चार चंद्र मोजताना तीनवर अडला, आणि एक ग्रहाच्या मागे गेला आहे हे मी सांगितल्यावर तो परत केव्हा येईल म्हणून हटून बसला. पुतणीने बराच वेळ पाहिले. वहिनी ओट्यावर शाल पांघरून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, मीही आग्रह केला नाही. अंगठी त्यांच्या बोटात होती.

“भाऊजी,” त्यांनी बसल्या जागेवरून विचारले, “पिवळा दिसतो का हो तो?”

“पिवळसर,” मी म्हटले. “मधे दोन तांबूस पट्टे.”

“खडा तर चांगला लख्ख पिवळा आहे.”

“त्याच्यावर खडा नाहीच, वहिनी. मी सांगितलं होतं ना, सगळा वायू.”

“हो, सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या, आणि थंडी वाढली म्हणून नातवाला आत घेऊन गेल्या.